वाळवलेल्या मातीचा श्वासही मोजा: माती परीक्षण प्रयोगशाळांना खुले पत्र

प्रति,
माती परीक्षण प्रयोगशाळांचे प्रमुख, विश्लेषक आणि अहवालाचा नमुना ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्या प्रयोगशाळांमधून बाहेर पडणारे माती परीक्षणाचे अहवाल मी अनेक वर्षे वाचत आले आहे आणि काही काळ असे अहवाल मी स्वतःही लिहिले आहेत. सामू (पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), उपलब्ध नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश आणि मागणी असेल तर जस्त, लोह, तांबे, बोरॉन, एवढे रकाने भरले की त्यांच्या खाली त्या जमिनीत काय आणि किती टाकावे याची शिफारस छापली जाते. या रकान्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हे आकडे शेतात ज्यांच्यामुळे घडतात आणि बिघडतात, ते जीव या कागदावर कुठेच दिसत नाहीत आणि ते मोजलेले नाहीत, हेही कागद सांगत नाही. म्हणून आपल्याकडे एक लहानशी मागणी करते आहे. अहवालात मातीच्या श्वासाचा, म्हणजे तिच्यातल्या सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, एक आकडा यावा, तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे त्याच्या शेजारीच छापले जावे, आणि परीक्षणासाठी घेतलेली माती वाळवलेली होती ही गोष्ट तिच्या मर्यादेसह नोंदवली जावी.

नमुना आपल्याकडे आल्यावर त्याचे काय होते हे आपल्याला ठाऊकच आहे. माती कागदावर सावलीत पसरायची, ढेकळे लाकडी हातोड्याने फोडायची, मुळ्या आणि खडे वेचायचे आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचे. यामागचे कारण योग्य आहे. ओली माती पिशवीत पडून राहिली तर तिच्यातले रसायन रोज बदलत राहते आणि दोन नमुन्यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण ते रसायन बदलते कशाने, हा प्रश्न आपण तिथेच सोडून देतो. ते बदलते, कारण पिशवीत जिवंत वस्ती असते. चमचाभर सुपीक मातीत काही अब्ज जिवाणू असू शकतात, त्यांच्या जोडीला बुरशीचे लांबच लांब तंतू, आदिजीव आणि सूत्रकृमी असतात. यांतले बहुतेक जीव बहुतेक वेळ सुप्तावस्थेत असतात. पाणी, हवा आणि खाणे एकत्र मिळाले की ते जागे होतात आणि जागे झाले की नत्राचा हिशोब बदलायला लागतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकीतून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एकाच वाफ्यातून काढलेली माती मी दोन पिशव्यांत भरली होती. एक पिशवी त्याच संध्याकाळी कागदावर पसरली आणि दुसरी घाईत टेबलाखाली राहून गेली. आठवड्याने ती उघडली तेव्हा आतून कुबट वास आला आणि माती हाताला बुळबुळीत लागली. तरीही ती वाळवून मी मोजणी केली आणि नायट्रेटचा आकडा जवळजवळ शून्य आला. खरे तर मी तिथेच थांबायला हवे होते, पण या पिशवीचा अहवाल वेगळ्या क्रमांकाने आधीच नोंदवला गेला होता, म्हणून मी त्याच्याखाली नत्राची वाढीव मात्रा लिहून मोकळी झाले. घट्ट बांधलेल्या ओल्या पिशवीतला प्राणवायू संपल्यावर जिवाणूंनी श्वसनासाठी नायट्रेट वापरले होते आणि तो नत्र वायुरूपाने निघून गेला होता. शेतात नत्र होता, माझ्या पिशवीत नव्हता. पहिली पिशवी शेजारी नसती तर ही चूक मला कधीच कळली नसती.

तेव्हा माती वाळवावीच लागते, हे मला मान्य आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. वाळवण्याने माती निर्जीव होत नाही. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये सविस्तर मांडले की वाळलेली माती पुन्हा ओली झाली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा एकदम मोठा लोंढा बाहेर पडतो आणि त्याबरोबर नत्रही मोकळा होतो. आज या घटनेला त्यांच्याच नावाने ओळखतात. तिची कारणे बरीच उलगडली आहेत. कोरड पडू लागली की जिवंत राहिलेल्या पेशी आपल्या आत विरघळणारे पदार्थ साठवतात आणि अचानक पाणी मिळाले की ते पदार्थ बाहेर टाकतात किंवा जाळतात. कोरडीत मेलेल्या पेशींचा ऐवज उरलेल्यांना आयता मिळतो. शिवाय ओलाव्याने मातीचे कण फुटतात आणि त्यांच्या आत दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो. दीर्घ कोरडीनंतरच्या पहिल्या पावसात पीक एकाएकी हिरवेगार दिसते, त्यामागे या लोंढ्याचाही हात असतो.

इथेच आपल्या सोयीची गोष्ट आहे. जैविक मोजणी म्हटली की बर्फाचा डबा, त्याच दिवशीची वाहतूक आणि चार अंश तापमानाचे शीतकपाट डोळ्यांसमोर येते आणि विषय तिथेच मिटतो. पण श्वासाची ही मोजणी आपण आधीच वाळवलेल्या आणि चाळलेल्या मातीवरच करता येते. पुन्हा भिजवल्यावर पहिल्या २४ तासांत निघणारा कार्बन डायऑक्साइड हा मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानाशी आणि पुढच्या काही आठवड्यांत मोकळ्या होणाऱ्या नत्राशी बऱ्यापैकी जुळतो, हे अनेक प्रकारच्या मातींवर दिसून आले आहे. म्हणजे नव्या नमुन्याची गरज नाही, लागते ती फक्त एका रात्रीची वाट.

पद्धत आपल्यातल्या अनेकांनी महाविद्यालयात केलेलीच असेल, तरी ती इथे लिहिते, कारण तिच्यातले बारकावेच आकडा खरा की खोटा हे ठरवतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ५० ग्रॅम वाळलेली माती घ्यायची. ती ठरलेल्या मापाने भिजवायची आणि आत एका लहान भांड्यात मोजून घेतलेले दाहक सोड्याचे द्रावण ठेवून झाकण लावायचे. माती सोडेल तो वायू ते द्रावण शोषून घेते. दुसऱ्या दिवशी भांडे बाहेर काढून त्यात बेरियम क्लोराइड घातले की शोषलेला वायू पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसू लागतो आणि द्रावण दुधासारखे होते. मग फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाकले की त्या दुधाला गुलाबी रंग चढतो. आता आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे. शेवटी एक थेंब असा येतो की भांडे एकदा हलवताच सगळा गुलाबी रंग जातो आणि पांढरे दूध उरते. माती जितकी अधिक श्वसन करते तितका सोडा आधीच खर्च झालेला असतो आणि आम्ल तितके कमी लागते. एक नॉर्मल तीव्रतेच्या सोड्याचा १ मिलिलिटर खर्च झाला म्हणजे २२ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड शोषला गेला, म्हणजेच ६ मिलिग्रॅम कर्ब. त्या ५० ग्रॅम मातीने २४ तासांत ५ मिलिग्रॅम कर्ब सोडला असेल तर अहवालात लिहायचे किलोमागे १०० मिलिग्रॅम.

मातीशिवायची एक रिकामी बरणीही बाजूला हवी. बरणीतल्या हवेतही हा वायू असतो आणि सोडा ओतताना तो उघड्यावर काही शोषून घेतोच. ही रिकामी बरणी वगळण्याचा मोह फार होतो, कारण तिच्यात काही घडत नाही असे वाटते. पण तिच्यावाचून उरलेल्या सगळ्या बरण्यांचे आकडे फुगलेले असतात.

आता परिस्थिती छापण्याचा आग्रह का, तेही सांगते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसन ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणून २० अंशांवरचा आणि ३० अंशांवरचा आकडा एकाच रकान्यात बसवणे ही फसवणूकच ठरते. ओलाव्याचे तर त्याहून नाजूक आहे. जमीन वाफशावर असते तेव्हा तिच्या पोकळ्यांत पाणीही असते आणि हवाही खेळती असते. पोकळ्यांचा साधारण ६० टक्के भाग पाण्याने भरलेला असताना हवेवर जगणाऱ्या जिवांचे काम सर्वांत जोरात चालते, असे मोजणीतून दिसते. त्याखाली पाणी अपुरे पडते आणि त्यावर हवा. बरणीतही माती वाफशावरच आणायला हवी. बाटलीने अंदाजे पाणी ओतणाऱ्या आणि ते मोजून घालणाऱ्या दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच मातीसाठी वेगळे येतील आणि दोघीही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. जमीन चुनखडीची असेल तर बाहेर पडणाऱ्या वायूतला काही भाग चुनखडीतूनही येऊ शकतो. अशा मातीचा आकडा तिच्यासारख्याच मातीशी ताडावा, ही टीप अहवालावर हवी.

या आकड्याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. तो नत्राच्या रकान्याशी जोडून वाचायचा आहे. आपल्या अहवालातला उपलब्ध नत्र म्हणजे ठरलेल्या रसायनाने ठरलेल्या दिवशी मातीतून जेवढा नत्र निघाला तेवढा. पिकाला मात्र हंगामभर जो नत्र मिळतो, त्याचा मोठा भाग सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ फोडतात तेव्हा हप्त्याहप्त्याने सुटतो. कधी कधी ते उलट कर्जही घेतात. समजा, कापणीनंतर १,००० किलो धान्याचे काड जमिनीत गाडले. त्यात सुमारे ४०० किलो कर्ब असतो, आणि कर्ब-नत्र गुणोत्तर ८० धरले तर नत्र अवघा ५ किलो. सूक्ष्मजीवांनी त्या कर्बाचा तिसरा हिस्सा आपल्या अंगी लावला, म्हणजे सुमारे १३३ किलो, तर त्यांच्या शरीरातले गुणोत्तर ८ धरून त्यांना साधारण १६ ते १७ किलो नत्र लागेल. उरलेला ११ ते १२ किलो ते मातीतूनच उचलतील आणि त्या काळात पीक पिवळे पडेल. काही आठवड्यांनी याच जिवांची मरणझड सुरू झाली की तो नत्र परत येऊ लागतो. त्या शेताच्या अहवालात नत्र कमी दिसला आणि शिफारशीत युरिया वाढवला, तर आपण कर्जाला तोटा समजलो असे होईल, आणि वाढवलेल्या युरियातला काही भाग नायट्रेट होऊन झिरपेल किंवा पाणी साचल्यावर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाईल. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो.

ही झाली नेहमीची बाब. पण नेहमीच्या रकान्यांतून जे मुळीच दिसत नाही, ते जैविक मोजणीतून दिसल्याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रात १९४२ ते १९६१ या काळात काही वाफ्यांना सांडपाण्याचा गाळ खत म्हणून दिला गेला. गाळामुळे जमिनीतला सेंद्रिय पदार्थ वाढला, पण त्याबरोबर जस्त, तांबे, निकेल आणि कॅडमियमही आले. गाळ देणे थांबून वीसएक वर्षे उलटल्यावर त्या वाफ्यांची तपासणी झाली, तेव्हा सूक्ष्मजीवांचे वस्तुमान शेणखताच्या वाफ्यांच्या मानाने सुमारे निम्मे भरले. तिथे लावलेल्या क्लोव्हर या शेंगवर्गीय चारापिकाच्या मुळांवर गाठी होत्या, पण त्या हवेतला नत्र बांधत नव्हत्या. धातूंच्या सहवासात तगून राहिलेले रायझोबियम, म्हणजे गाठीत राहून नत्र बांधणारे जिवाणू, गाठ तयार करण्यापुरतेच कामाचे उरले होते. त्या वाफ्यातला नमुना आपल्या नेहमीच्या अहवालासाठी आला असता, तर सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात शाबासकीचा आकडा पडला असता.

गाठ काम करते की नाही हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. शेंगवर्गीय पिकाचे मूळ न ओढता फावड्याने खणून काढावे, पाण्यात हलवून माती सोडवावी आणि एक टपोरी गाठ नखाने मधोमध चिरावी. आत मांसासारखा गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर ती गाठ काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच तो जवळचा नातलग आहे आणि नत्र बांधणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने बिघडू नये म्हणून तो गाठीत प्राणवायूचे प्रमाण अगदी कमी राखतो. आतून पांढरी किंवा हिरवट निघालेली गाठ एक तर अजून तयार झालेली नसते, किंवा उतरणीला लागलेली असते, किंवा नुसतीच झाडाला पोसावी लागते. नमुना कसा घ्यावा हे सांगणाऱ्या पत्रकात या निरीक्षणासाठी आपण दोन ओळी दिल्यात, तर प्रयोगशाळेचा काहीही खर्च न होता अहवालाला एक जिवंत नोंद मिळेल.

श्वासाऐवजी विकरांची मोजणी का मागत नाही, असे माझेच काही सहकारी विचारतात. डिहायड्रोजिनेज, फॉस्फेटेज, युरिएज यांच्या पद्धती जुन्या आणि चांगल्या आहेत. फॉस्फेटेजच्या चाचणीत रंगहीन द्रव्यातून पिवळा रंग उतरतो आणि तो रंगमापकावर वाचता येतो, इतके ते सोपे आहे. अडचण आहे ती अर्थ लावण्याची. एक तर या चाचण्यांत मातीला भरपूर खाद्य, नेमका सामू आणि बहुधा ३७ अंश तापमान दिले जाते. त्यामुळे जे मोजले जाते ती मातीची क्षमता असते, शेतातले प्रत्यक्ष काम नव्हे. दुसरे म्हणजे युरिएजसारखी काही विकरे पेशी मेल्यावरही चिकणमातीला आणि ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला, चिकटून दीर्घकाळ टिकतात, म्हणून आकडा मोठा आला तरी तो जिवंत वस्तीचा असेलच असे नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. स्फुरद कमी पडला की मुळे आणि सूक्ष्मजीव फॉस्फेटेज जास्त तयार करतात आणि स्फुरद मुबलक झाला की हात आखडता घेतात. म्हणजे वाढलेला आकडा भुकेचाही असू शकतो. ज्या मोजणीत भूक आणि सुबत्ता यांना एकच चिन्ह आहे, ती शिफारशीच्या कागदावर आणण्याआधी फार जपावे लागेल. संशोधनासाठी ती राहू द्या.

श्वासालाही हा दोष काही अंशी लागू आहे, हे मी लपवणार नाही. वोबर्नसारख्या धातूंनी ग्रासलेल्या मातीत उरलेल्या पेशी जगण्याच्याच धडपडीत दर एकक वस्तुमानामागे अधिक कर्ब जाळतात, म्हणून वस्ती खालावली तरी श्वास त्या मानाने घटत नाही. नेमकेपणा हवा असेल तर सूक्ष्मजीवांचे वस्तुमान क्लोरोफॉर्मची धुरी देऊन वेगळे मोजता येते. ही पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या जेंकिन्सन आणि पॉलसन यांनी १९७६ मध्ये मांडली. पण ती वाळलेल्या मातीवर नीट चालत नाही आणि क्लोरोफॉर्मची वाफ रोजच्या रांगेतल्या कामाला योग्य नाही. संशयास्पद नमुन्यांसाठी ती एखाद्या मोठ्या केंद्रात असावी, एवढेच म्हणते.

काही अहवालांत अलीकडे ‘एकूण जिवाणू संख्या’ असा रकाना दिसू लागला आहे. तो मात्र काढून टाकावा, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. हा आकडा येतो तो पेट्रीबशीत वाढलेल्या वसाहती मोजून. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जेवढ्या पेशी दिसतात, त्यांतल्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी नेहमीच्या खाद्यमाध्यमावर वाढतात, हे अनेक दशकांपासून माहीत आहे. बशीवर उमटतात ते झटपट वाढणारे. मातीतली बहुसंख्य वस्ती तिथे हजर नसते. बुरशीचे तर विचारूच नका, कारण शांत पडलेल्या एका बीजाणूची आणि हातभर पसरलेल्या तंतुजालाची बशीवर सारखीच एक वसाहत होते. मुळांशी जोडलेली आणि बहुतेक पिकांना स्फुरद पुरवणारी मायकोरायझा बुरशी तर या बशीवर उगवतच नाही.

आणि या रकान्याच्या शेजारी पुष्कळदा जिवाणू संवर्धकाच्या बाटलीची शिफारस असते. तिचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. ग्रॅममागे अवघे १० कोटी जिवाणू धरले तरी त्या थरात दोनावर सतरा शून्ये इतकी वस्ती होते. मिलिलिटरला १०० कोटी जिवाणू असलेल्या एक लिटर बाटलीत एकावर बारा शून्ये. म्हणजे शेतात आधीपासून असलेल्या दर दोन लाखांमागे आपण एक नवखा पाहुणा सोडला, आणि तोही घरच्यांना त्या जागेची, तिथल्या खाण्याची आणि शत्रूंची सवय असताना. शेंगवर्गीय बियाण्याला रायझोबियम चोळण्याची गोष्ट निराळी आहे. तिथे जिवाणू नेमका मुळाच्या तोंडाशी ठेवला जातो, पीक त्याला घर देते, आणि त्या पिकाचा जोडीदार त्या जमिनीत आधी नसेल तर फरक डोळ्यांना दिसतो. पण ‘संख्या कमी, म्हणून बाटली’ हे सरसकट गणित परीक्षण करणाऱ्या संस्थेच्या शिक्क्याखाली शोभत नाही.

सेंद्रिय कर्बाच्या रकान्याबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण जैविक आकडा नको म्हणणारे त्याच्याकडेच बोट दाखवतात. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली आणि ब्लॅक यांची डायक्रोमेटची पद्धत १९३४ पासूनची आहे. ती सगळा कर्ब जाळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असे धरून आपण उत्तराला १.३ ने गुणतो, पण प्रत्यक्षात हे प्रमाण मातीगणिक बदलते. ते असू द्या. मोठी गोष्ट ही की एकूण कर्बाचा बराचसा भाग जुना आणि चिकणमातीला घट्ट बांधलेला असतो, आणि मशागत बदलली तरी त्या ढिगाऱ्यातला फरक उघड व्हायला अनेक वर्षे जातात. सूक्ष्मजीवांचे वस्तुमान एकूण कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्केच असते, पण ते एक-दोन हंगामांत हलते. रक्कम किती साठली हे सेंद्रिय कर्ब सांगतो आणि व्यवहार चालू आहे की थंडावला आहे हे श्वास सांगतो. ज्यांना बरण्यांची दगदग झेपणार नाही, त्यांनी निदान सौम्य परमँगनेटने जळणारा सक्रिय कर्ब तरी मोजावा. अडीच ग्रॅम माती, ०.०२ मोलर द्रावण, दोन मिनिटे हलवणे, दहा मिनिटे थांबणे आणि ५५० नॅनोमीटरला रंग वाचणे, एवढेच काम आहे. श्वासाची जागा तो घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. आणि जास्तीच्या रसायनांचा धोका सांगणाऱ्यांनी त्या डायक्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम सध्या कोणत्या मोरीत जाते, हेही एकदा पाहावे.

हा आकडा देताना ‘कमी, मध्यम, भरपूर’ असे शिक्के मारू नयेत आणि त्याला दहापैकी गुण तर मुळीच देऊ नयेत. वाळूमिश्रित जमिनीचा चांगला श्वास चिकण जमिनीच्या मध्यम श्वासापेक्षा कमी असू शकतो. तुलना व्हावी ती त्याच शेताशी, तेही दरवर्षी त्याच महिन्यात, पीक उभे असताना की कापणीनंतर याच्या नोंदीसह. दुसरी तुलना बांधावरच्या मातीशी करावी. जिथे वर्षानुवर्षे नांगर लागलेला नाही आणि गवत वाढते आहे, तिथला मूठभर नमुना सोबत मागवा. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवून मोजले, तर प्रयोगशाळेची तापमानाची चूक दोघांनाही सारखीच लागते आणि गुणोत्तर टिकून राहते. त्या जमिनीला काय जमू शकते याचा अंदाज बांधावरून येतो आणि त्यातले शेतात किती उरले आहे हे दुसऱ्या बरणीवरून कळते. माझ्या पाहण्यात हे गुणोत्तर कोणत्याही कोष्टकापेक्षा वाचणाऱ्याला लवकर समजते.

मनुष्यबळ अपुरे आहे आणि नमुन्यांचे ढीग पडले आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी नव्हे, तर मागेल त्याच्यासाठी आणि सुरुवातीला प्रयोगशाळेने स्वतः निवडलेल्या थोड्या शेतांसाठी ही मोजणी सुरू करावी. दोन बरण्या मातीच्या, एक रिकामी, तापमान ठरलेले, पाणी मोजलेले. वर्षभर एकाच ओळखीच्या मातीचा एक डबा भरून ठेवावा आणि दर तुकडीत त्यातली एक बरणी लावावी. तिचा आकडा भरकटला तर त्या दिवशीचे सगळे अहवाल थांबवावेत. ही शिस्त सामूमापकासाठी आपण पाळतोच.

पुढच्या छपाईच्या वेळी अहवालाच्या नमुन्यात पुढील मजकूर जोडावा, अशी विनंती आहे: “हा नमुना वाळवून व चाळून तपासला आहे. मातीचा श्वास: किलोमागे … मिलिग्रॅम कर्ब, पुन्हा भिजवल्यापासून २४ तासांत, … अंश सेल्सिअस, पोकळ्यांच्या … टक्के ओलाव्यावर. बांधावरच्या नमुन्याचा श्वास: … . नमुना घेतल्याची तारीख आणि वाळवायला पसरल्याची तारीख: … .” शेवटच्या दोन तारखांत आठवड्याचे अंतर दिसले, तर नत्राच्या रकान्यात आकड्याऐवजी आडवी रेघ मारावी आणि नमुना पुन्हा मागवावा.

कळावे,

आपली विश्वासू,
मातीतील सूक्ष्मजीवांची एक अभ्यासक